लेमनवरचा एक पैसा

"लेमनच्या बाटलीवर एक पैसा कर. दर वाढेल तोही एकच पैसा. त्याच्यावर दमडी जरी चढली, तर हिंदुराव शितोळे पंचायतीतून उठला म्हणून समजा."

भर ग्रामसभेत पंचायतीचे मेंबर हिंदुराव हे बोलले, आणि बोलून झाल्यावर मिशीवरून हात फिरवून खाली बसले. एकोणीसशे पंचावन्न सालचा चैत्र होता. ज्या माणसाने बावीस वर्षं खडकीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, ज्याच्या चिठ्ठीशिवाय तिथून एक खिळा बाहेर पडला नाही, त्याला आपल्या गावात एक पैसा सांभाळणं म्हणजे काय मोठी गोष्ट, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बोरठाण हे गाव चाकणच्या अलीकडे, नाशिकच्या सडकेवर. दर गुरुवारी बाजार भरायचा. कांद्याच्या गाड्या, बैलबाजार, एसटीचा थांबा, आणि या सगळ्या धुळीत सात ठिकाणी गोटीच्या बाटल्या विकायला असायच्या. साधा सोडा एक आणा, गोड लेमन दोन आणे. चार पैशांचा आणा आणि दोन आण्यांची चवली, असा तेव्हाचा हिशेब. चवली टाकायची, विकणाऱ्याने अंगठ्याने गोटी आत ढकलायची, फस्स आवाज व्हायचा आणि उन्हातला माणूस माणसात यायचा.

आता या लेमनवर हिंदुरावांची नजर का गेली, तर त्याला कारण होतं विहीर. गावच्या विहिरीच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. आदल्या आषाढात हिंदुरावांच्या पत्नी कौशल्याबाई भरल्या घागरीसकट त्यावरून घसरल्या आणि दोन महिने हात गळ्यात बांधून बसल्या. त्या दोन महिन्यांत घरात भाकरी थापली हिंदुरावांनी. ती खाऊन त्यांचं कुत्रंही शेजारी जेवायला लागलं. तेव्हापासून पायऱ्या बांधायच्या, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. पंचायतीकडे पैसा नव्हता. मिठावर कर म्हटलं असतं तर गाव अंगावर आलं असतं. तेलावर म्हटलं असतं तर बायका. लेमन प्यायलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही, म्हणून लेमन.

वसुलीची पद्धतही त्यांनी सोपी ठेवली होती. सगळ्या बाटल्या चाकणच्या एकाच सोड्याच्या कारखान्यातून बैलगाडीने यायच्या. गाडी चावडीपुढे थांबवायची, लेमनच्या बाटल्या मोजायच्या, बाटलीमागे एक पैसा घ्यायचा. साध्या सोड्याला कर नाही.

कर लागू झाला त्या पहिल्याच गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास कौशल्याबाई बाजारातून परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "अहो, तुमचा पैसा किती पैशांचा हाय?"

"म्हणजे?"

"थांब्यावरचा कोंडाजी लेमनचं अडीच आणे घेतोय. सव्वादोन व्हायला पायजे हुतं ना?"

हिंदुराव ताटावरून उठले. खडकीहून निवृत्त होताना मिळालेला खाकी कोट त्यांनी एप्रिलच्या उन्हात अंगात चढवला आणि ते निघाले.

कोंडाजी एसटीच्या थांब्यावर, खोक्यांच्या मागे उभा होता. त्याने मेंबरांना लांबूनच पाहिलं आणि ते तोंड उघडायच्या आत बाटलीची गोटी ढकलली. गोटी एकदा आत गेली की बाटली विकली गेली, ती परत होत नाही. हिंदुरावांना ती प्यावी लागली. फुकट प्यायली असती तर गाव म्हणालं असतं, मेंबर हप्ता खातो. म्हणून त्यांनी पैसेही दिले. मोजून अडीच आणे.

"कोंडाजी, कर एक पैसा आहे. तू दोन पैसे वाढवलेस."

"व्हय, वाढवलं," कोंडाजी शांतपणे म्हणाला. "मेंबर, आदी गिऱ्हाईक येस्टीच्या खिडकीतनं चवली टाकायचं, मी बाटली द्यायचो. काम झालं. आता चवलीवर एक पैसा. एक सुट्टा पैसा कुणाच्या खिशात असतोय? त्यो आणा पुढं करतोय, मी तीन पैसं शोधतोय, तवर गाडी सुटती. बाटली गाडीत, गिऱ्हाईक गाडीत, आन् मी मागं पळतोय. सकाळपासून तीन बाटल्या राजगुरुनगरला गेल्या बघा. त्यापरीस अडीच बरं. अर्ध्या आण्याचं नाणं सगळ्यांकडं असतंय."

हिंदुरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण लेमन घटाघट प्यायल्यामुळे त्या क्षणी बाहेर आली ती मोठी ढेकर.

पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकटा कोंडाजी बिघडला म्हणून बाजार बिघडला असं होत नाही, हे सिद्ध करायला ते पुढच्या दुकानावर गेले. बैलबाजाराच्या तोंडाशी चिमाजी बसायचा. त्यानेही आधी गोटी ढकलली, मग नमस्कार केला. दर विचारला तर म्हणाला, "सव्वादोन. पैसा तुमचा, दोन आणे माझं."

हिंदुरावांना भरून आलं. त्यांनी चिमाजीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. नाहीतर तो कोंडाजी बघ. सरळ अडीच घेतोय."

चिमाजी बाटली पुसता पुसता थांबला. "अडीच? आन् गिऱ्हाईक देतंय?"

"देतंय ना. तीच तर तक्रार आहे."

"कुणी भांडत न्हाई?"

"एकही नाही. मुकाट्याने देतात."

"असं," चिमाजी म्हणाला आणि विचारात पडला.

त्याच्या चेहऱ्यावरचा विचार हिंदुरावांना पश्चात्तापासारखा दिसला. ते उत्साहाने पुढे निघाले. उरलेल्या पाचही ठिकाणी ते गेले. प्रत्येक ठिकाणी एक लेमन प्याले, पैसे दिले, सव्वादोन घेणाऱ्याला शाबासकी दिली आणि कोंडाजीचं वाईट उदाहरण डोळ्यांपुढे ठेवलं. शेवटचं दुकान विहिरीजवळच्या चिंचेखाली भागूबाईचं. साठीच्या घरातली ही बाई कानांनी थोडी अधू होती. हिंदुरावांनी कोंडाजीची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "कोंडाजीला काय झालं? बरा हाय न्हवं?" लांबच्या बैलांच्या लिलावाचा गलका तिथवर येत होता, हिंदुरावांच्या पोटात सात बाटल्या होत्या, ओरडून सांगायची ताकद राहिली नव्हती. त्यांनी सव्वादोन आणे ठेवले आणि काढता पाय घेतला.

दुपारी तीन वाजता, जरा पडून झाल्यावर, आपल्या समजावणीचा परिणाम बघायला ते पुन्हा बाजारात आले. परिणाम झाला होता. भागूबाई सोडून सगळ्यांनी अडीच आणे केले होते.

"चिमाजी, अरे सकाळी तू सव्वादोन घेत होतास."

"सकाळी मला म्हाईत न्हवतं," चिमाजी म्हणाला. "तुमीच सांगितलंत. उपकार झालं बघा."

हिंदुराव तडक थांब्यावर गेले. जाताना आणखी दोन दुकानांत त्यांच्यासाठी गोटी ढकलली गेली आणि त्यांना थांबावं लागलं. कोंडाजीपुढे पोचले तेव्हा ते रागाने आणि वायूने फुगलेले होते. "तुझ्यामुळे," ते म्हणाले, "तुझ्या एकट्यामुळे सगळ्या बाजाराने अडीच केले."

"सगळ्यांनी?" कोंडाजीने डोळे बारीक केले. "बैलबाजारातल्या चिमाजीनं बी? त्याला ना जागेचं भाडं, ना गाडीमागं पळायचं, आन् त्यो बी अडीच?" त्याने क्षणभर एसटीकडे पाहिलं. खिडकीतून एक हात बाहेर आला होता. "तीन आणे," कोंडाजी त्या हाताला म्हणाला. हाताने चवली आणि आणा दिला, बाटली घेतली आणि हात आत गेला.

त्या रात्री हिंदुराव जेवले नाहीत. कौशल्याबाईंनी ओवा दिला, हिंग दिला. नवऱ्याच्या पोटातून येणारे आवाज ऐकून त्यांना साधारण अंदाज आला असावा.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव सरपंच लक्ष्मणरावांकडे गेले. म्हणाले, "पंचायतीचा बोर्ड लावू. लेमन सव्वादोन आणे. जास्त घेईल त्याचं दुकान बंद."

लक्ष्मणराव सावध माणूस. निवडणूक एक वर्षावर होती आणि सातांपैकी चार दुकानदार त्यांच्या आळीचे होते. ते म्हणाले, "हिंदुराव, एकदम सव्वादोन लिहिलं तर सातही जण दुकान उठवतील. मग बाटली नाही, कर नाही, पायरी नाही. आपण कमाल मर्यादा लिहू. तीन आण्यांच्या वर कुणी जायचं नाही. कोंडाजीला लगाम बसेल आणि बाकीचे अडीचाच्या खाली हळूहळू येतील."

हिंदुरावांना हे पटलं. खडकीला असल्या कमाल मर्यादा भिंतीभर लावलेल्या असत आणि माणसं त्या पाळत असत. त्यांनी स्वतः पत्रा आणला, स्वतः पांढरा रंग दिला आणि सुबक अक्षरात लिहिलं : 'लेमनचा दर तीन आण्यांपेक्षा अधिक घेऊ नये. हुकुमावरून.'

पुढच्या गुरुवारी बाजारात ते शिरले तेव्हा एकाही दुकानावर तीन आण्यांच्या खाली लेमन नव्हतं. फक्त भागूबाईला वाचता येत नव्हतं, तिने दर बदलला नव्हता. पण तिचं दुकान बाजाराच्या टोकाला, विहिरीकडे. तिकडे फिरकतो कोण.

"चिमाजी, हे काय?"

"बोर्ड वाचला," चिमाजी म्हणाला.

"बोर्डावर लिहिलंय तीनपर्यंत."

"मग? तीनपर्यंतच घेतोय की. साडेतीन घेतलं तर धरा मला."

गिऱ्हाइकांनी मात्र आता आपापली वाट शोधली होती. वाड्यांवरून आलेले शेतकरी साधा सोडा एका आण्याला घेत, कनवटीचा गुळाचा खडा काढत आणि बाटलीत सोडत. सोड्यात गूळ पडला की काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिंदुराव एकाला "अहो थांबा" म्हणायला वाकले आणि बाटलीतला अर्धा सोडा फसफसून त्यांच्या खाकी कोटावर आला. दिवसभर त्यांच्यामागे माश्या फिरत होत्या. आणि गुळवाल्यांची संख्या इतकी वाढली, की दुकानदारांनी पुढच्या खेपेला लेमन निम्मंच मागवायचं ठरवलं. म्हणजे दर चढला आणि कर उतरला. हे कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

संध्याकाळी पाच वाजता, बाजार उठल्यावर, चावडीपुढे ग्रामसभा भरली. गाव चिडलेलं होतं. बैल विकायला आलेला एक म्हातारा उभा राहिला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. "कर येक पैसा. दर वाढला चार पैसं. वरचं तीन पैसं कुठल्या पायरीला लागलं?"

सगळे हिंदुरावांकडे बघायला लागले. त्यांनी त्या दिवशीही सात बाटल्या प्यायल्या होत्या, कारण सात ठिकाणी सात गोट्या ढकलल्या गेल्या होत्या. ते उठले. पळवाट काढणं त्यांना जमलं असतं. कोंडाजीचं नाव घेता आलं असतं, सरपंचाच्या सल्ल्याचं घेता आलं असतं. पण बावीस वर्षं ज्याने स्टोअरमध्ये खोटी नोंद केली नव्हती, त्याला ते जमेना.

"दर मी वाढवला," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी फक्त कोंडाजीचा जास्त होता. मी बाकीच्यांना जाऊन तो सांगितला. सगळ्यांचा वाढला तो कोंडाजीला जाऊन सांगितला. मग बोर्डही मीच लिहिला. मी शब्द दिला होता. तेव्हा मी पंचायतीचा राजी—"

इथे त्यांना ढेकर आली. साधी नव्हती. सात बाटल्यांची होती. चावडीच्या छपरावरची कबुतरं उडाली. सभा हसायला लागली. हिंदुरावांनी पुन्हा प्रयत्न केला. "राजीना—" पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते तसेच उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कौशल्याबाई उठल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"राजीनामा घिऊन पायऱ्या व्हणार हायती का?" त्या म्हणाल्या. "आमी रोज त्याच विहिरीवर जातो. परवा शालनबाईची सून घसरता घसरता वाचली. दर ह्यांनी वर नेला न्हवं, मग ह्यांनीच खाली आणावा. पुढल्या गुरुवारपातूर. न्हाई आला, तर मग राजीनामा घ्या, कर बी काढा. आन् तवर कुणी हसू नका."

हसणं थांबलं. लक्ष्मणरावांनी घाईने मान डोलावली, कारण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

दोघं घरी निघाले. दारात आल्यावर हिंदुराव म्हणाले, "कसा आणू खाली?"

"मला काय ठाव?" कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी नुसतं बोलून वर नेला. बोलूनच आणा."

हे वाक्य हिंदुरावांच्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिलं. शनिवारी ते पिंपरीला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले, तिथल्या नव्या पेनिसिलीनच्या कारखान्याच्या गप्पा झाल्या, पण यांचं लक्ष नव्हतं. सोमवारी अंघोळ करताना त्यांनी तांब्या खाली ठेवला. आपण बोललो खरं, पण कुणाशी? विकणाऱ्यांशी. काय सांगितलं? सगळ्यात जास्त दर. मग आता बोलायचं विकत घेणाऱ्यांशी, आणि सांगायचा सगळ्यात कमी दर. इतकंच. ओल्या अंगाने त्यांनी कौशल्याबाईंना हे सांगितलं. "आधी अंग पुसा," त्या म्हणाल्या, पण हसल्या.

गुरुवारी सकाळी आठ वाजता हिंदुराव पत्र्याचा कर्णा घेऊन थांब्यावर उभे राहिले. पहिली एसटी आली तशी त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "विहिरीजवळ, चिंचेखाली, भागूबाईकडे लेमन सव्वादोन आणे." कुणाला नावं ठेवली नाहीत, कोंडाजीकडे बघितलंही नाही. एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा. मग बैलबाजारात. मग कांद्याच्या गाड्यांत. मग पुन्हा थांब्यावर. वाटेत चिमाजीने बाटली पुढे केली, अंगठा गोटीवर ठेवला. हिंदुरावांनी कर्ण्यातूनच त्याला "नको" सांगितलं. त्या आवाजाने एक खोंड दावं तोडून पळाला आणि विकणारा व घेणारा दोघं मिळून त्याच्यामागे धावले.

दहापर्यंत चिंचेखाली गर्दी झाली. साडेदहाला नारायणगावच्या गाडीचा ड्रायव्हर प्रवासी मोजून कंटाळला, कारण निम्मे विहिरीकडे गेले होते. त्याने सरळ गाडीच विहिरीकडे वळवली आणि चिंचेखाली उभी केली. मागोमाग दुसरी आली. थांब्यावर कोंडाजी आणि त्याची खोकी, एवढेच उरले.

अकराला चिमाजीने अडीच केले. कुणी फिरकलं नाही. साडेअकराला त्याने सव्वादोन केले. बाराला आणखी चौघे सव्वादोनवर उतरले. कोंडाजी एक वाजेपर्यंत टिकला. मग तो मारुतीच्या देवळात गेला, पुजाऱ्याला एक रुपया दिला आणि पेटीतले चौसष्ट सुट्टे पैसे टोपीत भरून घेऊन आला. "सव्वादोन," तो येणाऱ्या एसटीला ओरडला. "सुट्टा पैसा मिळंल."

तीन वाजता लक्ष्मणराव स्वतः बाजारातून चक्कर मारून आले. "हिंदुराव," ते म्हणाले, "चाकणहून दुपारी आणखी एक गाडी मागवावी लागली. कर धरून सोमवारी गवंडी बोलावता येईल. तुमचा राजीनामा आता विसरा." आणि तो तीन आण्यांचा बोर्ड उतरवून त्यांनी विहिरीच्या कामाला चुना कालवायला देऊन टाकला.

हिंदुरावांचा घसा कोरडा पडला होता. दिवसभर त्यांनी एक थेंब लेमन घेतलं नव्हतं. आता मात्र घ्यायचं होतं, आणि घ्यायचं ते भागूबाईकडेच. जिने एकदाही दर वाढवला नाही त्या बाईचा मान ठेवायला पाहिजे, असं त्यांना वाटलं. ते चिंचेखाली आले. रांग अजून होती. लोकांनी मेंबरांना पुढे वाट करून दिली, एकाने नमस्कार केला. भागूबाईने गोटी ढकलली. हिंदुरावांनी खिशातून चवली काढली, सुट्टा पैसा काढला आणि दोन्ही तिच्या हातावर ठेवले.

भागूबाईने हाताकडे बघितलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

"अजून येक पैसा," ती म्हणाली. "अडीच झालं."

"भागूबाई," ते तिच्या कानाशी वाकून, पण आवाज जमेल तितका दाबून म्हणाले, "सकाळी सव्वादोन होतं."

"सकाळी रांग न्हवती," भागूबाई म्हणाली.

हिंदुरावांनी मागे बघितलं. वीसपंचवीस माणसं उभी होती. त्यांनी दुसरा पैसा काढला, गुपचूप तिच्या मुठीत सरकवला आणि बाटली उचलली.

"मेंबर," रांगेतून कुणीतरी विचारलं, "हितं काय दर चाललाय आता?"

हिंदुरावांनी बाटली तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत काढली नाही.